सेकंदाचा चोविसावा हिस्सा

सप्टेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत वॉल्ट डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’ या छोट्या कार्टूनपटाचं संगीत रेकॉर्ड करायला वादक जमले होते. वाद्यवृंदाचे संचालक कार्ल एडुअर्ड मूकपटांना थिएटरात साथ करण्यात मुरलेले. तरीही ते रेकॉर्डिंग फसलं. मूकपटाला साथ करताना घोडा उधळल्यावर ढोल अर्ध्या सेकंदाने उशिरा वाजला तरी कुणी तक्रार करत नसे. इथे मिकी माउस गाईच्या दातांवर झायलोफोन वाजवतो. दातावर काठी पडते त्याच क्षणी स्वर यायला हवा, आणि संचालकांना पडद्याचा तो वेग धरता आला नाही. डिस्नेने आपली मोटार विकून पुन्हा पैसे उभे केले. दुसऱ्या खेपेला फिल्मवर उसळी मारणारा एक चेंडू छापून घेतला. चेंडू टेकला की ठोका. या वेळी जमलं, आणि १८ नोव्हेंबरला चित्रपट लोकांसमोर आला.

या गोष्टीत चेंडूचं कौतुक नेहमी होतं. मला त्याहून मोठा वाटतो तो विल्फ्रेड जॅक्सन या तरुण चित्रकाराने आधीच करून ठेवलेला हिशोब. त्याची आई संगीतशिक्षिका होती, त्यामुळे त्याला मेट्रोनोम ठाऊक होता. फिल्म ठरावीक वेगाने पळते, मेट्रोनोम ठरावीक वेगाने वाजतो, म्हणजे एका ठोक्याला किती चित्रं लागतात हे आधीच काढता येतं, हे त्याने दाखवलं आणि चित्रकारांनी त्या मापाने चित्रं काढली. चित्र आणि संगीत दोन्ही एकाच पट्टीने मोजलेली होती म्हणूनच दुसऱ्या खेपेला ती जुळू शकली. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, राखण्याची जी जी साधनं पुढे आली, त्या सगळ्यांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे: पहिला स्वर वाजण्याआधी पट्टी ठरली पाहिजे आणि मधेच ती बदलता कामा नये.

ती पट्टी काय आहे ते आधी पाहू. बोलपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात, त्यामुळे एका मिनिटाची फिल्म बरोबर ९० फूट भरते. जुने संगीतकार प्रसंगाची लांबी फुटांत सांगत ती यामुळे. प्रत्येक फ्रेमच्या कडेला चार भोकं असतात, आणि प्रोजेक्टरचे दाते ती भोकं पकडूनच फिल्म ओढतात. म्हणजे सिनेमातला काळ अक्षरशः भोकं मोजून मोजला जायचा.

आता कानाचं माप. एका फ्रेमच्या अवधीत आवाज हवेतून सुमारे १४ मीटर जातो. मोठ्या थिएटरात पडद्यापासून ३० मीटरवर बसलेल्या माणसाला प्रत्येक आवाज दोन फ्रेम उशिराच ऐकू येतो, आणि त्याला काही खटकत नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत असेल तर आधी हात खाली आलेला दिसतो, मग आवाज येतो. मेंदूला जन्मापासून याच क्रमाची सवय आहे. आवाज आधी आणि हालचाल नंतर, असं निसर्गात घडत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणाविषयीच्या शिफारशीत दोन वेगळे आकडे आहेत: आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांनाच चूक लक्षात येऊ लागते, मागे राहिला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत ती ध्यानात येत नाही. हे आकडे मुख्यतः ओठांच्या हालचालीसाठी असले तरी संगीतकाराने त्यातली दिशा लक्षात ठेवावी. ठोका एखादी फ्रेम उशिरा पडला तर प्रेक्षक सांभाळून घेतो, आधी पडला तर त्याला प्रसंगाचं गुपित अगोदर कळल्यासारखं होतं.

बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात ही पट्टी एक नव्हती. अमेरिकेत व्हिटाफोन पद्धतीत चित्र फिल्मवर आणि आवाज तबकडीवर असे. तबकडी १६ इंचांची, मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित जास्त फेरे घेणारी, आणि हजार फुटांच्या एका रिळाला, म्हणजे सुमारे अकरा मिनिटांना पुरणारी. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरवर फिरत. ऑपरेटर फिल्मची खुणेची फ्रेम प्रोजेक्टरच्या दारात (गेटमध्ये) बसवी, सुई तबकडीवरच्या खुणेवर ठेवी आणि मोटर चालू करी. अडचण यायची फिल्म तुटल्यावर. तुटलेल्या जागेच्या सहा फ्रेम कापून जोड दिला की त्या जागेपासून रीळ संपेपर्यंत आवाज पाव सेकंद मागे. त्यावर उपाय एकच होता, जितक्या फ्रेम गेल्या तितक्याच काळ्या फ्रेम मधे जोडायच्या. पडदा क्षणभर काळा झाला तरी चालेल, पण मोजणी चुकता कामा नये. आजच्या संगणकावरही याहून वेगळा नियम नाही.

मग आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात छापला जाऊ लागला. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या ‘आलम आरा’चं चित्रीकरण आवाज असाच फिल्मवर टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर झालं. चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उतरे, वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी बसत आणि नट गातच असे. ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राची भूमिकाही करत होते आणि चित्रपटाचं संगीतही त्यांचंच होतं. अशा चित्रीकरणात सिंक आयता मिळे, पण कात्रीची मोकळीक जाई. कारण फिल्मवर आवाज वाचणारा भाग चित्राच्या दारापासून काही अंतरावर असतो, त्यामुळे एखाद्या फ्रेमचा आवाज तिच्या शेजारी नसून सुमारे वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. चित्र बघून नेमका कट मारला की कुणाचा तरी शब्द तुटणार. म्हणून चित्राची फिल्म वेगळी आणि आवाजाची वेगळी झाली, आणि दोन्हींना एकत्र बांधायला क्लॅप आला. पाटी मिटलेली फ्रेम आणि ‘टक’ हा आवाज एकमेकांसमोर आणला की पुढचं सगळं जुळतं. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन आणलं आणि गाणं आधी, चित्र नंतर असा क्रम पडला. पार्श्वसंगीताचा क्रम मात्र उलटाच राहिला. चित्र कापून तयार, त्यावर संगीत बसवायचं.

हॉलिवूडमध्ये हे काम शास्त्रावर आणणाऱ्यांत मॅक्स स्टाइनर हे नाव मोठं. जॉन फोर्डच्या ‘द इन्फॉर्मर’मध्ये (१९३५) कोठडीत टपकणाऱ्या पाण्याच्या थेंबाशी त्याने स्वर जुळवले आणि त्या संगीताला ऑस्कर मिळालं. असं काम क्लिक ट्रॅकशिवाय अवघड आहे. क्लिक ट्रॅक बनवायची रीत साधी होती. कोऱ्या फिल्मवर आवाजाच्या पट्टीत ठरावीक अंतरावर छिद्रं पाडायची. छिद्र वाचकासमोरून गेलं की ‘टिक’ असा आवाज होतो आणि तो वादकांच्या कानातल्या हेडफोनमध्ये जातो. दोन छिद्रांत किती फ्रेम, त्यावर लय ठरते. मिनिटात १४४० फ्रेम असतात, त्यांना एका मात्रेच्या फ्रेमनी भागलं की मिनिटाच्या मात्रा मिळतात. मात्रेला १२ फ्रेम म्हणजे १२० ची लय, १६ फ्रेम म्हणजे ९० ची, २४ म्हणजे ६० ची. फ्रेमच्या कडेला चार भोकं असल्यामुळे भोकावर आणि दोन भोकांच्या मधे धरून फ्रेमचे आठ भाग करता येत, म्हणून जुन्या कागदांवर ‘१२ फ्रेम तीन अष्टमांश’ अशा लयी लिहिलेल्या सापडतात.

हा हिशोब प्रत्यक्षात कसा चालतो ते एका प्रसंगावर पाहू. घरात एक बाई एकटी पत्र वाचते आहे. प्रसंग सुरू झाल्यापासून ९ सेकंद ४ फ्रेमवर दारावर थाप पडते. २२ सेकंद १० फ्रेमवर तिच्या हातून पत्र गळून पडतं. दिग्दर्शकाचं म्हणणं, संगीताने थाप ऐकली पाहिजे आणि पत्र पडताना पाहिलं पाहिजे. फ्रेममध्ये मांडलं तर थाप २२० वर आणि पत्र ५३८ वर. प्रसंग उदास, लय सत्तरच्या आसपास हवी. मात्रेला २० फ्रेम धरून पाहा, लय ७२ ची येते. २२० ला २० ने भागलं की ११ मात्रा पूर्ण, थाप नेमकी बाराव्या मात्रेवर. पत्राला मात्र २६.९ येतात, म्हणजे ठोका ५४० व्या फ्रेमवर पडणार, पत्र पडल्यावर दोन फ्रेमनी. हे चालेल, कारण उशिराची दिशा डोळ्याला मान्य आहे. पत्र तंतोतंत गाठायचं म्हणून मात्रा किंचित आखूड करावी, तर थाप ऐकू येण्याआधीच संगीत तिला उत्तर देऊन बसेल. ते वाईट.

पण हिशोब इथे संपत नाही. बारावी मात्रा चार मात्रांच्या आवर्तनात शेवटची, म्हणजे दुबळी. थाप समेवर हवी. मग पहिली दोन आवर्तनं चारचार मात्रांची ठेवून तिसरं तीनच मात्रांचं करायचं. चार, चार, तीन, अकरा झाल्या आणि थाप समेवर आली. तिथून पत्रापर्यंत सोळा मात्रा, म्हणजे चार पूर्ण आवर्तनं. पत्रही समेवर. तबलजी तिहाई कुठून उचलायची हे समेपासून मागे मोजत ठरवतो, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथली सम संकलकाने आधीच ठोकून ठेवलेली असते, तिला जागचं हलवता येत नाही. प्रेक्षकाला त्या तीन मात्रांच्या आवर्तनाचा पत्ताही लागत नाही. बाईचा श्वास जरा अडखळला, एवढंच त्याला जाणवतं, आणि प्रसंगाला तेच हवं असतं.

आज संगीतकाराच्या संगणकावर प्रोटूल्स, लॉजिक, क्यूबेस, न्यूएन्डो यांपैकी काहीतरी असतं आणि लयीचा हा नकाशा मिनिटभरात तयार होतो. तरी आकडे त्याने स्वतःच्या डोक्यात एकदा फिरवून पाहावेत असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर लय दशांशांत काढून दोन्ही खुणा गाठून देतं, पण कुठली खूण तंतोतंत हवी आणि कुठली सैल सोडावी हे त्याला ठरवता येत नाही. प्रत्येक पावलाला ठोका देणाऱ्या संगीताला ‘मिकी माउसिंग’ हे नाव मिकीच्या कार्टूनपटांवरूनच पडलं. विनोदी प्रसंगात ते शोभतं. गंभीर प्रसंगात मात्र प्रेक्षक पात्राकडे बघायचं सोडून जुळणीकडे बघू लागतो.

क्लिकचा दुसरा दोष म्हणजे ताठरपणा. कानात टिकटिक चालू असताना व्हायोलिनच्या जथ्याला ओळीच्या शेवटी जरा रेंगाळता येत नाही. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये आल्फ्रेड न्यूमन याच्या काळात रुळलेली पद्धत त्यासाठी फार सुरेख आहे. महत्त्वाच्या खुणेच्या आधी तीन फूट, म्हणजे दोन सेकंद, फिल्मवर एक तिरकी रेघ ओरखडायची. पडद्यावर ती उभ्या रेघेसारखी एका कडेने निघून दुसऱ्या कडेकडे सरकत जाते. खुणेच्या फ्रेमला गोल छिद्र पाडायचं, पडद्यावर तिथे लखकन उजेड दिसतो. संचालकाला रेघ दिसली की दोन सेकंद उरले हे कळतं. तो वाद्यवृंदाला जरा आवरतो किंवा पुढे रेटतो आणि उजेडाला समेवर उतरतो. मधल्या काळात लय त्याच्या हातात राहते. परदेशात सिनेमा पडद्यावर चालवून समोर प्रत्यक्ष वाद्यवृंद वाजवण्याच्या मैफिली होतात, तिथे संचालकापुढच्या लहान पडद्यावर आजही याच रेघा आणि हेच उजेड दिसतात. मला विचाराल तर भावनेच्या प्रसंगाला ही पद्धत क्लिकपेक्षा सरस आहे, कारण तिच्यात पट्टी नेमकी राहते आणि माणूस मोकळा राहतो.

याहून मोकळेपणाचीही उदाहरणं आहेत. डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसमध्ये लुई मालच्या एका चित्रपटासाठी माइल्स डेव्हिस आणि साथीदारांनी पडद्यावर प्रसंग पुन्हा पुन्हा चालवून, ते बघत बघत, ऐनवेळी सुचेल तसं वाजवलं. त्याआधी ‘पथेर पांचाली’चं (१९५५) बरंचसं संगीत रविशंकरांनी एकाच लांबलचक रात्रीच्या बैठकीत उरकलं होतं. मुलगी गेल्याचं बापाला, हरिहरला, कळतं त्या प्रसंगात आईच्या तोंडचा आक्रोश काढून सत्यजित राय यांनी तिथे तारशहनाई ठेवली. तोंड उघडतं त्या क्षणी माणसाच्या आवाजाऐवजी वाद्य सुरू होतं. तो क्षण दोन-चार फ्रेम इकडेतिकडे झाला असता तर ती केवळ पार्श्वभूमीची धून झाली असती.

मुंबईत बॅकग्राउंडची कामं अनेक दशकं पडद्यासमोरच चालली. रीळ पडद्यावर दाखवायचं, संगीतकार आणि दिग्दर्शक कुठून कुठपर्यंत संगीत हवं ते ठरवणार, सहायक स्टॉपवॉच लावून वेळ घेणार, अरेंजर तिथल्या तिथे तुकडे लिहून काढणार, तालीम, मग टेक. टेक फसला की रीळ मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या घाईत लिहिलेलं वाचून लगेच वाजवणारे वादक हवेत, आणि ते मोठ्या संख्येने गोव्याहून आले. तिथल्या चर्चच्या संगीतशाळांत ते लहानपणापासून पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकलेले असत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले सबॅस्टियन डिसोझा ही त्यातली ठळक नावं. या सर्वांची मेहनत शेवटी जिथे एकत्र होई त्या परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई बसलेले असत. ‘शोले’चं आणि सत्यजित राय यांच्या अनेक चित्रपटांचं पुनर्ध्वनिमुद्रण त्यांनी केलं. संवाद, आवाज आणि संगीत भोकं असलेल्या वेगवेगळ्या चुंबकीय फिल्मवर असत, सगळ्यांच्या मोटरी एकमेकींना बांधलेल्या असत, आणि एका फिल्मचं भोक सरकलं की सगळ्यांचं सरके. साध्या चुंबकीय टेपला भोकं नसतात. ती किंचित ताणली जाते, घसरते, आणि दहा मिनिटांत कुठल्या कुठे जाते. भोकांना पर्याय सापडेपर्यंत टेपवर भरवसा ठेवता येत नव्हता.

तो पर्याय म्हणजे टाइमकोड. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टेलिव्हिजनच्या व्हिडिओ टेपसाठी तो आला आणि अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेने, एसएमपीटीईने, त्याचं मानक केलं. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा पत्ता, आणि तो पत्ता ८० बिटांत लिहून आवाजासारखा टेपवर नोंदवायचा. जागेवरून उचललेली टेप ‘मी ०१:१२:०७:१५ वर आहे’ असं स्वतःच सांगू लागली. फ्रेमची भोकं जाऊन आकडे आले, पट्टी तीच राहिली.

पण या पट्टीचे प्रकार झाले, आणि आजच्या निम्म्याहून अधिक भानगडी तिथून येतात. सिनेमा २४ चा. आपल्या दूरदर्शनची पद्धत २५ ची. अमेरिकेत टीव्ही ३० चा होता, पण १९५३ मध्ये रंग आणताना रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात घुसू नये म्हणून वेग हजारात एक एवढा कमी केला, तो २९.९७ झाला, आणि त्याच हिशोबाने २४ चा २३.९७६. हजारात एक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तासाला ते ३.६ सेकंद होतात. दोन मिनिटांच्या एका तुकड्याच्या शेवटी जवळपास तीन फ्रेम. संगीतकार २४ वर काम करतो आहे आणि संकलकाने व्हिडिओ २३.९७६ वर काढला आहे, हे दोघांनाही माहीत नसेल, तर तुकड्याची सुरुवात चोख जुळेल आणि शेवटचा ठोका घसरलेला असेल. २४ आणि २५ मधला फरक त्याहून मोठा, चार टक्क्यांचा. अडीच तासांचा चित्रपट टीव्हीसाठी २५ ने पळवला तर १४४ मिनिटांत संपतो, आणि स्वर न सावरता तसाच पळवला तर पांढरी एकचा षड्ज काळी एकच्या दिशेने सत्तर टक्के वाट चालून जातो. ओळखीचं गाणं टीव्हीवर जरा चढं लागल्यासारखं पूर्वी कुणाला वाटलं असेल, तर त्यामागे हे कारण असण्याची शक्यता बरीच आहे.

डिजिटल आवाजाला स्वतःचंही एक घड्याळ असतं. सिनेमा-टीव्हीच्या कामात सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेतात, म्हणजे २४ च्या हिशोबाने एका फ्रेमला बरोबर २,००० नमुने. सीडीसाठीचा दर ४४,१०० चा, त्याला २४ ने भागलं तर १,८३७ आणि वर अर्धा नमुना उरतो. ४४,१०० वर रेकॉर्ड झालेली फाइल चुकून ४८,००० ची समजून वाजवली गेली तर तीन मिनिटांचा तुकडा १६५ सेकंदांत आटपतो आणि सुमारे दीड अर्धस्वर चढतो. ही चूक निदान लगेच कानाला कळते. न कळणारी चूक दोन यंत्रांच्या घड्याळांची. प्रत्येक यंत्रातला स्फटिक किंचित वेगळ्या वेगाने धडकतो. दोन यंत्रांत दहा लाखांत ५० एवढा फरक असला तर तासाभरात चार फ्रेमहून अधिक अंतर पडतं. टाइमकोड दोघांना एकाच जागेवरून सुटायला सांगतो, पण त्यानंतर दोघं आपापल्या पावलाने चालतात. म्हणून मोठ्या स्टुडिओत सगळ्या यंत्रांना एकाच मुख्य घड्याळाची तार जोडलेली असते.

अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद रेकॉर्ड केला. तिथल्या वादकांना मराठीचा गंध नसणार. त्यांच्यापुढे नोटेशन, कानात क्लिक आणि मोजणीला आवर्तनांचे क्रमांक. तिथे वाजलेला स्वर इथल्या ढोलकी-हलगीशी जुळतो तो दोन्हीकडची फाइल एकाच फ्रेमपासून, एकाच दराने मोजलेली असते म्हणून.

बिघाड ओळखायची रीत मात्र अगदी सोपी आहे, आणि ती जुन्या फिल्मच्या काळापासून चालत आली आहे. प्रत्येक रिळाच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर ‘पिप’ असा आवाज ठेवतात, चित्रात त्याच वेळी २ हा आकडा दिसतो. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच आणखी एक पिप. संगीत चित्रावर ठेवलं की ही दोन टोकं तपासायची. दोन्ही टोकांना चूक सारखीच असेल तर फाइल नुसती चुकीच्या जागी ठेवली आहे, तेवढी सरकवली की काम झालं. सुरुवात जुळते आणि शेवटाकडे चूक हळूहळू वाढत जाते, तर फ्रेमचा किंवा नमुन्यांचा दर चुकला आहे. तिथे संगीताचे तुकडे करून थोडं थोडं ढकलत बसू नये. मूळ दर शोधून फाइल पुन्हा काढून घ्यावी. सुरुवात जुळून मधल्याच एका जागेपासून पुढचं सगळं अचानक हललं असेल, तर तिथे संकलकाने कट बदलला आहे.

आणि कट बदलतातच. संकलन ‘लॉक’ झालं असं सांगून व्हिडिओ संगीतकाराकडे जातो आणि आठवड्याने दिग्दर्शकाला एक शॉट लांबल्यासारखा वाटतो. अठरा फ्रेम काढल्या की पुढचं सगळं संगीत पाऊण सेकंद मागे. वरच्या उदाहरणातलं पत्र पडून जाईल आणि सम नंतर येईल. ‘ई. टी.’च्या (१९८२) शेवटच्या पाठलागाला जॉन विल्यम्स चित्राच्या खुणा गाठत बसला असता संगीताचा प्रवाह तुटू लागला, तेव्हा स्टीव्हन स्पीलबर्गने पडद्यावरचं चित्र बंद करायला लावलं, विल्यम्सला मैफिलीसारखं मोकळेपणाने वाजवून घ्यायला सांगितलं आणि नंतर त्या संगीताप्रमाणे आपला कट बदलला. संगीतासाठी चित्र हलवणारा दिग्दर्शक दुर्मिळ, पण त्यानेही ते दोघांच्या संमतीने आणि मोजून केलं.

आज महाराष्ट्रातल्या गावागावांत मोबाइलवर लघुपट होतात, एकांकिकेतली मुलं घरच्या संगणकावर त्यांना संगीत देतात, आणि ही मुलं कितीदा तरी सिंकपाशी अडतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. मोबाइलचा कॅमेरा उजेड कमी झाला की फ्रेमचा वेग आपणहून बदलतो, म्हणून संगीत सुरू करण्याआधी तो व्हिडिओ एका स्थिर दरावर काढून घ्या. जुळणी ब्लूटूथच्या हेडफोनवर तपासू नका, त्यात आवाज उशिरा येतो आणि तुम्ही बरोबर असलेलं संगीत चुकीच्या जागी ढकलाल. टीव्हीवर बघत काम करत असाल तर त्याचं चित्रही उशिरा येतं, पिप आणि २ चा आकडा एकत्र दिसतात का ते आधी पाहा. व्हिडिओ हातात आल्यावर पहिला प्रश्न ‘मूड काय हवा’ हा विचारू नका, ‘फ्रेमरेट किती आणि नमुने किती’ हा विचारा, आणि उत्तर फाइलच्या नावातच लिहून ठेवा. दिग्दर्शकांना आणि संकलकांना विनंती एकच आहे. लॉक झाल्यावर एक फ्रेम जरी काढली किंवा घातली, तरी कुठल्या टाइमकोडला आणि किती, हे संगीतकाराला त्याच दिवशी कळवा.